आधी कोणी प्यायचं?

प्रभुभोजनाचा रविवार होता. अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीतून द्राक्षारसासाठी उकळलेल्या काळ्या मनुकांचा गोडसर, किंचित करपट वास येत होता, आणि चिमुकल्या काचेच्या पेल्यांचा ट्रे रांगेरांगेने सरकताना मंद किणकिणत होता. शेजारच्या बाईंनी आपला पेला उचलला, मी माझा. किती स्वच्छ, किती सोयीचं! आणि या सोयीपाशीच माझं मन दरवेळी अडखळतं. सोय म्हटली की ती कोणाची, असा प्रश्न आपसूक डोकं वर काढतो. ही खोड मला मावशीने लावली.

मावशी अकोल्याला जठारपेठेत राहायची. इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, एकटी, बोलायला फटकळ. कॉलेजच्या वर्षांत मी तिच्याकडेच होते. ताप अंगावर दिसतो आणि दुखणं भलत्याच ठिकाणी असतं, हे तिने आयुष्यभर खाटांशेजारी उभं राहून पाहिलं होतं. त्यामुळे माणूस जे सांगतो ते त्याचं खरं दुखणं असेलच, यावर तिचा चटकन विश्वास बसत नसे. तिथल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तर सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडायचं, की जाणत्या माणसाला पुरतं बुडवूनच बाप्तिस्मा द्यायचा? उपासनेत ढोलकी चालते का? मंगळसूत्र घालावं की नाही? उपासना संपली की तिच्या ओसरीवर हे वाद रंगत, आणि ती मुकाट्याने तुरीच्या शेंगा सोलत बसे. फार आग्रह झाला तर म्हणे, दोन्ही बाजूंची माणसं प्रार्थना करतात ना, मग जेवायला घरी जा. तिला शास्त्राची चाड नाही, असं पुष्कळांचं मत झालं होतं. मलाही कधी कधी तसंच वाटे.

अशात जवळच्या एका खेड्यातली, मजुरी करणारी काही घरं मंडळीत आली. ती माणसं मागच्या बाकांवर बसत. मागे बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण पुढे या असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या एल्डरांनी, सभेत सूचना मांडली. ते शाळेत शिक्षक होते. आवाज मृदू, चारचौघांत मान असलेले. इतकी वर्षं आपण सगळे चांदीच्या एकाच पेल्यातून पितो, ते म्हणाले, आता रोगराईचे दिवस आहेत, वेगळे पेले मागवावेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मावशी तर नर्स, ती पहिला हात वर करेल असंच मला वाटलं होतं.

तिने हात वर केला आणि विचारलं, "काहून आत्ताच?"

वडील म्हणाले, काळाप्रमाणे चालावं लागतं. मावशी म्हणाली, पेले मागवा, चांगलीच गोष्ट आहे. पण ते येईपर्यंत जुना पेला आहे, तर नवीन आलेल्या माणसांना पुढच्या बाकावर बसवू आणि पेला आधी त्यांना देऊ. वडील समजुतीच्या सुरात म्हणाले, आपल्यात भेद नाहीच, मग हे पुढे-मागे कशाला काढता?

"भेद नाही, तर पुढे बसल्यानं काय बिघडते?" मावशीने विचारलं.

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडले. एका सज्जन माणसाच्या मनावर तू संशय घेतेस, म्हटलं. तिने चुलीवरचं दूध खाली उतरवलं. "त्याच्या मनातलं मले काय दिसते? रविवारी तो पेल्यापाशी येते का पाहू."

रविवार आला. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मावशीचं म्हणणं मानलं होतं. नवीन घरातली एक बाई, कडेवर तान्हं मूल, अंग चोरत पुढे झाली आणि प्यायली. पाळकांनी नेहमीप्रमाणे पेल्याचा काठ पुसला. तिच्यामागून तिचे लोक प्यायले. मग वडिलांच्या बाकाची पाळी आली. ते पुस्तकात डोळे घालून बसूनच राहिले. पानही उलटत नव्हते. त्यांची पत्नी क्षणभर त्यांच्याकडे पाहत थांबली, मग उठली, एकटी पुढे गेली आणि प्यायली.

पुढचे कितीतरी रविवार वडील आले नाहीत. वेगळे पेले आले, मावशी त्यातून निमूट प्यायली. तिचा संशय खरा ठरला होता, आणि मला तिचा मोठा अभिमान वाटत होता. मग एका दुपारी वडिलांच्या पत्नी घरी आल्या. चहा समोर ठेवला तरी पदराशी चाळा करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "त्यायचे आजोबा या नव्या लोकायच्याच खेड्यातले, त्यायच्याच आळीतले. एवढी वर्षं कोणी विचारलं नाही. आता ही माणसं ओळख काढतीन, याचंच भेव आहे त्यायले."

त्या गेल्यावर चहाचा निवलेला कप हातात घेऊन मावशी खिडकीशी उभी राहिली. मी विचारलं, मग तू भांडलीस ते चुकलं का? तिने कप मोरीत रिकामा केला. "भांडण बरोबरच होतं. माणूस वाचण्यात मी चुकली."

वडील परतले तेव्हा सगळ्यात मागे, दाराजवळ बसले. मावशी पुढच्या बाकावरून उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि आमच्यात भेटल्यावर म्हणतात तसं हळूच 'सलाम' म्हणाली. गाणं सुरू झालं तेव्हा दोघांनी एकाच पुस्तकातून म्हटलं.

मावशी आता नाही. वाद मात्र आहेत. मराठीत गावं की हिंदीत, गाण्यांच्या ओळी दाखवायला भिंतीवर पडदा लावावा की नको. बहुतेक मी सोडून देते. एखाद्या वादात कोणी जिंकलं तर कोण बाहेर राहणार, एवढंच शोधते. कोणीच राहणार नसेल तर गप्प बसते. आणि कोणी राहणार असेल, तर सभेआधी समोरच्याच्या घरी जाऊन येते. अशा भेटीनंतर मी एकही भांडण सोडलेलं नाही. पण ते भांडताना आवाज पहिल्यासारखा चढत नाही, आणि स्वतःच्या संशयाकडेही मी जरा संशयाने पाहते.