हिरव्या ड्रेसमधली सिस्टर

नर्सच्या नोकरीला लागून मला जेमतेम काही महिने झाले होते. कोल्हापुरातलं एक खासगी हॉस्पिटल, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, सकाळची ड्युटी. कुरुंदवाडकडच्या एका शेतकरी आजोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना पहिल्यांदाच चहा द्यायचा होता. मी आधार देऊन बसवलं, कप तोंडाला लावला. दोन घोट गेले असतील-नसतील, ते भडाभडा ओकले. सगळं माझ्या अंगावर. गळ्यातून आत, सलवारीवरून थेट बुटात.

"असू दे आजोबा, होतं असं," मी म्हणाले खरी, पण वास आला तसं मी तोंड फिरवलं. ते त्यांनी पाहिलं.

बाथरूममध्ये अंगावरचा युनिफॉर्म साबण लावून धुतला, तर पांढरं कापड अंगाला चिकटून आरपार दिसायला लागलं. जादा जोड घरी दोरीवर वाळत होता. मी दाराआड तशीच उभी. तेवढ्यात शेजारच्या पेशंटची बायको तांब्या विसळायला आली. शिवाजी पेठेत शिलाईकाम करणारी मुस्लिम बाई. माझ्याकडे एकदा बघितलं, परत गेली, आणि पिशवीतून स्वतःचा ड्रेस घेऊन आली. हिरवागार, गळ्याला टिकल्या.

"घाला वं सिस्टर. धुतल्याला हाय."

"अहो, हा घालून वॉर्डात कशी जाऊ?"

"मग वल्ल्या कापडात जातासा व्हय?"

घातला. बाहेर आले तर राउंड सुरू झालेला. डॉक्टर मान वर न करताच म्हणाले, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

'मी सिस्टर आहे' म्हणायचं सोडून मी खरंच बाहेर जाऊन बाकापाशी उभी राहिले. एका पेशंटच्या पाहुण्यानं विचारलं, "तुमचं कोण हाय आत?" माझे कान तापले. शेवटी इन्चार्ज सिस्टर शोधत आल्या. "अगं, तू इथं काय करतेस? ड्रेसिंगची ट्रॉली कोण आणणार?" मी ट्रॉली ढकलत आत गेले तेव्हा अख्खा वॉर्ड हसत होता.

राउंडनंतर आजोबांना चमच्यानं पाणी द्यायचं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांची बायको म्हणाली, "तोंडच उघडंना झाल्यात. म्हणत्यात, पोरीनं तोंड फिरवलं, आता परत न्हाई."

मघाचं हसू, तो बाक, सगळं त्यापुढं काहीच नव्हतं. मी चमचा घेऊन खाटेपाशी वाकले.

"आजोबा, हा ड्रेस माझा नाही," मी म्हणाले. "खुशाल ओका."

"व्हय बाबा, माझा हाय," शेजारच्या खाटेवरून ती बाई ओरडली. "म्या न्हाई रागवायची!"

आजोबा हळूच वळले. टॉवेल दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरला आणि मगच तोंड उघडलं. पाणी टिकलं. पण त्यांना घरी सोडेपर्यंत मी जवळ गेले की ते आधी टॉवेल शोधायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.