आधणातली मूठ

माझा हात धानाच्या ढोलीत खांद्यापर्यंत गेला होता आणि सून दारात उभी होती.

बाहेर मुलगा बैलबंडीत रिकामी पोती टाकत होता. ढोली, म्हणजे आमची बांबूची कणगी, उपसून धान मिलवर न्यायचं होतं. नवरा अंगणातून ओरडला, "झालं काय वं? का आत झोपली?" मी हात आणखी खाली रेटला. धान हाताला टोचत होतं आणि जे पाहिजे ते सापडत नव्हतं.

"काय शोधून राह्यल्या, आई?" सून म्हणाली.

"उंदीर गेला आत. पाहून राह्यली."

"हातानं?"

ती आत आली, तिने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "उजवीकडं नका पाहू. मी डाव्या अंगाले सरकवलं."

आता हे कसं झालं ते सांगते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी लॉकडाऊन लागला. मुलगा बल्लारपूरला एका ठेकेदाराकडे होता. ठेकेदाराने काम थांबवलं, खोलीचं भाडं काही थांबलं नाही. चौथ्या दिवशी मुलगा बायकोला आणि दोन पोरींना मोटारसायकलवर बसवून, पोलिसांचे नाके चुकवत घरी आला. आमचं गाव चामोर्शीच्या बाजूला, रस्त्यापासून आत आहे. घरात मी आणि माझा म्हातारा, दोघंच. दोनाची सहा माणसं झाली.

माणसं घरात बसली की खर्च कमी होतो असं वाटणाऱ्याने चूल सांभाळलेली नसते. बसलेल्या माणसाला भूक जास्त लागते. चहा दोनदाचा चारदा झाला. पोरींना दुपारी तोंडात टाकायला काहीतरी लागे. मोबाईलमध्ये पैसे भरावे लागत. भाताचा लहान गंज, म्हणजे पातेलं, फळीवर गेला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला मोठा गंज रोजचा झाला.

तरी महिना संपल्यावर म्हाताऱ्याने पेटी उघडली, पैसे दोनदा मोजले आणि म्हणाला, "अरे, पैसा उरून राह्यला बा!"

मुलाने बायकोकडे बोट दाखवलं. "हिनं हातात घेतलं नं घर. बल्लारपुरात एवढ्याशा पैशात चालवत होती."

"मंग एवढी वर्सं आपल्या घरात काऊन उरत नव्हता?" म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

काऊन उरत नव्हता ते मला ठाऊक होतं.

माझ्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून माझ्या हातावर कधी एक रुपया माझा म्हणून ठेवला नाही. बाजाराच्या दिवशी तो तांदूळ मापून द्यायचा. ते चामोर्शीच्या बाजारात विकायचे, आणि त्याच पैशात तेल, मीठ, मिरची, सुकी मासोळी आणायची. घरी आल्यावर तो एकेका जिनसेचा भाव विचारी. मी दोन रुपये वर लावून सांगत असे, आणि तांदळाचा भाव दोन रुपये उतरवून. चौथीपर्यंतची बेरीज-वजाबाकी मला एवढ्यालाच उपयोगी पडली. त्यातल्या थोड्या पैशांची मी बाजारातच गरम भजी घेत असे आणि बैलबाजाराच्या बाजूला एकटी उभी राहून खात असे. बाकीचे सोनाराकडे ठेवत असे. पुरेसे जमले की तो सोन्याचा एक मणी द्यायचा, आतून लाखेने भरलेला, हरभऱ्याएवढा. असे सोळा मणी झाले होते. ओवून गळ्यात घालता येत नव्हते, कारण म्हाताऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला असता. माहेरचे म्हणावे तर माहेरी कोणी उरलं नव्हतं. म्हणून ते फडक्यात बांधून धानात पुरून ठेवलेले.

हिला चोरी म्हणतात. मीही चोरीच म्हणते.

लॉकडाऊनमध्ये बाजार भरेना. मी घरात बसले आणि माझ्या हातून जो पैसा गळत होता तो गळायचा बंद झाला. त्यात लग्नं नाहीत, आहेर नाहीत, ऑटोचं भाडं नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या टपऱ्या बंद झाल्या. चोरून दुप्पट भावाने खर्रा मिळत होता, पण म्हातारा असा चिकट की त्याने तो खाणंच सोडलं आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत बसला. हे सगळं सुनेच्या नावावर जमा झालं. खर्रासुद्धा म्हणे सुनेनेच सोडवला.

कुंपणापलीकडची शेजारीण तोंडाला पदर लावून मला ऐकवायची, "बाई, तुह्या घरी लक्ष्मी आली वं."

"लक्ष्मीले पोलीस नाक्यावर थांबवत नाई," मी म्हणायची. "हे लपत लपत आली."

"जळू नको. माह्यी सून तं तीन महिन्यात तेलाचे दोन पिपे पिऊन बसली."

"मंग आंघोळ करत असन तेलानं."

ती हसायची, मी हसायची नाही. मी जळतच होते. सून काम चांगलं करत होती, ते मी नाकारत नाही. पहाटे उठून पोरींना घेऊन मोहफुलं वेचून आणायची, वाळवायची. मागच्या वाडीत तिने वांगी आणि सांबार, आपली कोथिंबीर, लावली. पण पेटीतला पैसा तिच्या वांग्यांनी उरलेला नव्हता. ते कौतुक खोटं आहे हे घरात मला एकटीलाच माहीत होतं, आणि ते खोटं पाडायचं तर आधी माझी चोरी सांगावी लागली असती. रोज जेवताना म्हातारा म्हणे, "हिच्याकडून शीक काई."

मग मला एक सुचलं. भाजी सून करायची, पण भाताचं आधण मी सोडलं नव्हतं. ती सुपात तांदूळ मापून, निवडून माझ्यापुढे ठेवायची. ती वळली की मी कोठीतून एक मूठ काढून आधणात जास्तीची टाकत असे. दोन्ही वेळा. हिशेब साधा होता. भात उरेल, वाया जाईल, तांदूळ लवकर संपेल, आणि म्हाताऱ्याला दिसेल की लक्ष्मीचा हात किती सैल आहे.

भात उरला. सुनेने तो वाया जाऊ दिला नाही. मीठ, मिरची आणि जिरं घालून मळला आणि खाटेवर धोतर पसरून त्याचे सांडगे घातले. उन्हं कडक होती, दोन दिवसांत खडखडीत वाळले. तळून ताटात आले तेव्हा म्हाताऱ्याने सहा खाल्ले.

"शिया भाताचे हायत?" त्याने विचारलं.

"हो बाबा."

"पाह्य," तो मला म्हणाला. "तू असती तं कोंबड्याईले टाकला असता."

माझीच मूठ माझ्यासमोर तळून आली आणि त्याचंही नाव तिचंच झालं. शहाण्या बाईने तिथे थांबायला हवं होतं. मी दीड मूठ टाकायला लागले.

सहा तोंडं आणि वरून माझी मूठ. आमच्याकडे धानाच्या दोन ढोल्या असतात. पहिली पोळ्यापर्यंत पुरते, दुसरी त्यानंतर उघडतात. त्या वर्षी पेरणीच्या आधीच पहिलीचा तळ दिसला. मुलगा म्हणाला, "बाबा, दुसरी काढू अन् सगळं धान एकदाच मिलवर नेऊ. पुन्हा बंद झालं तं?" म्हातारा हो म्हणाला. आणि माझे मणी दुसऱ्या ढोलीत होते.

एरवी घरातली माणसं शेतात गेली की मला अख्खा दिवस रिकामा मिळे. आता घर रिकामंच होत नव्हतं. ढोलीच्या खोलीत दुपारी मुलगा झोपायचा, सकाळी पोरी खेळायच्या, रात्री त्याच जमिनीवर सून पोरींना घेऊन अंथरूण टाकायची. पाच दिवस मी त्या दाराशी घिरट्या घातल्या. शेवटी मिलला जायच्या सकाळी, सगळे बंडीशी असताना आत शिरले आणि हात घातला.

तर ती तिथे उभी.

तिने डावीकडून हात घालून गाठोडं काढलं. गाठ मी मारली होती तशीच होती.

"कधी भेटलं तुले?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. कडुलिंबाचा पाला टाकाले गेली तं हाताले लागलं. सोळा हायत."

"अन् बोलली नाई?"

"काय बोलू? बाबा पैसे मोजून माह्यं नाव घेऊन राह्यले होते. बाजार बंद झाला अन् पैसा उराले लागला. एवढं तं मलेही समजते, आई. मी काई जादू नाई केली."

"अन् तरी गुमान ऐकून घेतलं कौतुक?"

"फुकटात भेटून राह्यलं, तं घेतलं," ती म्हणाली. "तुमी काई कमी घेतलं?"

तिने गाठोडं माझ्या ओच्यात टाकलं. "ठेवा. माह्यं त्याच्याशी काई नाई. पण आधणातली मूठ बंद करा. सांडगे खाऊन खाऊन पोरीईचं पोट दुखून राह्यलं."

म्हणजे तेही तिने पाहिलं होतं. मला वाटत होतं, ती वळते तेव्हा तिचं लक्ष नसतं.

"मेल्या काय दोघी?" म्हातारा बाहेरून ओरडला.

"उंदीर होता, बाबा," तिने आवाज दिला. "पळाला."

त्यानंतर मी मूठ बंद केली. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलत राहिली, ना जास्त ना कमी, आणि त्याने मला आणखी चीड यायची. तिने एकदा टोमणा मारला असता तर मी दोन मारले असते आणि फिट्टंफाट झाली असती.

बाजार पुन्हा भरायला लागला तोवर धान निसवलं होतं. मुलाला ठेकेदाराने परत बोलावलं नाही, म्हणून ते इथेच राहिले. मुलगा लोकांकडे मजुरीला, पुढे एका ट्रॅक्टरवर जाऊ लागला. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी सकाळीच धुतलेलं लुगडं नेसले, केस विंचरले आणि थैली घ्यायला खुंटीकडे गेले. खुंटीवर थैली नव्हती. ती सुनेच्या हातात होती.

"तू राह्य घरी," म्हातारा मला म्हणाला. "तुह्ये गुडघे दुखते. हिच्या हातानं पैसा उरते."

मी सुनेकडे पाहिलं. तिने एक शब्द बोलायचा होता, की बाजार आईंनाच करू द्या. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेली. मला झाकल्याचे पैसे तिने असे वसूल केले. गावाचा लॉकडाऊन सुटला आणि माझा लागला.

ती आली की मी थैलीत डोकावायची आणि भाव ऐकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी शेजारणीला तेच भाव विचारायची. मला खात्री होती की बाजार हातात आला की हीसुद्धा दोन रुपये वर लावणार. लागोपाठ आठ बाजार मी असे तपासले. एका रुपयाचा फरक निघाला नाही. भजी आणायची, ती सगळ्यांसाठी, कागदात गुंडाळून. घरी येईपर्यंत ती मऊ पडायची. एकटीने उभं राहून गरम खावी असं तिला सुचतसुद्धा नव्हतं. मी माझा वाटा खायची आणि तेल जास्त आहे म्हणायची.

एका संध्याकाळी मुलगा आठवड्याची मजुरी घेऊन आला. खाटेवर बसून त्याने सगळ्या नोटा बायकोच्या हातात दिल्या, मोजल्याही नाहीत. ती बाजाराचं सांगायला लागली, तेल इतक्याचं, मिरची इतक्याची. तो म्हणाला, "राहू दे नं. तुले हिशोब मागतला कोनं?"

मी चुलीपुढे होते. त्या एका वाक्याचा मला जितका हेवा वाटला तितका कुणाच्या सोन्याचा, शेताचा, पोरांचा कधी वाटला नाही. तिला चोरावं लागत नव्हतं. माझ्या नवऱ्याने एकदा तसं म्हटलं असतं तर मी रुपयाही उचलला नसता. किंवा उचललाही असता, आता कोण सांगणार. पण त्याने म्हटलं नाही, आणि तिला ते न मागता मिळालं, आणि तिने त्यावर मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला अजूनही तिचा राग त्याचाच येतो.

पुढच्या उन्हाळ्यात ताप गावात शिरला. आमच्या घरात सगळे पडले. सून सगळ्यांच्या आधी उठली आणि पेज करून वाटीवाटीने पाजत फिरली. मीही प्यायले. म्हाताऱ्याला गडचिरोलीला नेलं. तो आठव्या दिवशी गेला. घरी आल्यावर मुलाने पेटीची चावी बायकोच्या हातात दिली. मी समोरच बसले होते.

आम्ही पाच जण जगलो. मुलगा, सून, दोन नाती आणि मी.