घाण्यावरचं नाक

थान माओग्वेइनं अडतीस वर्षं शिरसाचं, म्हणजे मोहरीच्या जातीचं, तेलाचं बी भाजलं ते नाकाच्या भरवशावर. तालुक्याला लोखंडी यंत्रं आली होती. एका तोंडानं बी गिळायची, दुसऱ्यानं तेल ओकायची, आणि तेल निघायचंही जास्त. तरी डोंगरातली माणसं पाठीवर पोती मारून ओढ्याकाठच्या या लाकडी घाण्यावर यायची, ती वासापायी. आणि वास ठरायचा कढईत. थान हुंगायचा, "काढा" म्हणायचा, की फावडी चालायची. क्षणभर उशीर झाला तर बी करपून तेल कडू.

यंदाच्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. थाननं बायकोलाही सांगितलं नाही. तिनं चव विचारली की झकास म्हणायचा आणि मिरचीनं डोळ्यांत आलेलं पाणी पुसायचा.

उन्हाळा लागला, शिरस झोडून झालं. हंगामातलं पहिलं पोतं फंग वहिनीचं आलं. विधवा बाई, वर्षाचं तेल त्या एका पोत्यात. थान कढईवर वाकला, सवयीनं नाक फुगवलं, आणि नुसता रंग बघत राहिला. फावडं मारणारा त्याचा मेहुणा श्यांग हळूच म्हणाला, "दाजी, वास पुढं गेल्यागत वाटतोय, करपतंय."

"आता तुझ्या नाकानं भाजू?" थान म्हणाला.

श्यांग फावडं मारत राहिला. दाजीनं "काढा" म्हटलं तेव्हाच त्यानं काढलं. मग बी दळलं, वाफवलं, भाताच्या पेंढ्यात बांधून त्याच्या चकत्या केल्या आणि पोकळ ओंडक्यात रचल्या. श्यांगनं टांगलेला सोट झुलवून चकत्या दाबणाऱ्या पाचरी ठोकल्या. तेल आलं ते काळसर.

पहिल्या तेलात टोफू तळायचा आणि पहिला तुकडा बियाच्या धन्यानं खायचा, ही घाण्याची रीत. वहिनीनं तुकडा तोंडात घातला. थानची नजर तिच्या तोंडावरून हलेना. ती सावकाश चावत राहिली, वाटी संपवली, चांगलंय म्हणाली. श्यांगनं मात्र एक घास घेऊन वाटी खाली ठेवली.

"वहिनी, खरं सांगा. मला कळत नाही आता. वासही नाही, चवही नाही," थान म्हणाला.

तिनं रिकामी वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "कडू आहे, दादा. घेईन मी चालवून."

थान उठला. घरी जाऊन स्वतःचं पोतं पाठीवर घेऊन आला आणि तिच्या पोत्याच्या जागी ठेवलं. काळं तेल आपल्या बरणीत ओतलं. वर्षभर घरात हेच तेल, बायकोला काय सांगायचं ते नंतर बघू म्हणाला. मग आपल्या जागी त्यानं मेहुण्याला कढईशी उभं केलं.

"तू भाज. मला विचारू नको."

तो बाहेर ओढ्याकाठच्या दगडावर जाऊन बसला. आत बी तडतडत होतं. दरवर्षी बी नीट भाजलं की वास वरच्या वाडीपर्यंत जायचा आणि माणसं टोफूसाठी वाट्या घेऊन उतरायची. सकाळच्या भाजणीला कुणी आलं नव्हतं. त्याच्या ते ध्यानात यायला हवं होतं. आता तो पायवाटेकडं डोळे लावून बसला.

बऱ्याच वेळानं वळणावर एक म्हातारी दिसली. हातात वाटी. तिच्यामागं आणखी दोघं.

"थानदादा, काय वास सुटलाय," म्हातारी लांबूनच म्हणाली.

थाननं मान डोलावली आणि बाजूला सरकून त्यांना वाट दिली.