फिनलंडचे भाऊजी

"दाब. दाबून ठेव. आता बाण बटणाच्या बाहेर ने आणि मग सोड." जेवणाच्या सुट्टीत माझा हा मित्र माझ्यापुढे लॅपटॉप सरकवायचा. तो सांगेल तसं मी करायचो. काहीच व्हायचं नाही. आणि हा खूश! "बघ, माणसाचा विचार बदलला तर त्याला सुटता आलं पाहिजे. बटण असं असतं, मेल्या."

इकडे माझी भाजी गार. लोअर परळच्या त्या ऑफिसात आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो, तेव्हा अशी किती बटणं मी दाबली असतील ते तुम्हीच बघा. पगार मिळायचा विम्याचे फॉर्म संगणकावर आणायचा. पण ह्याचा जीव दुसरीकडेच. जगात काही लोक हौस म्हणून घरी बसून गेम लिहितात. त्यांना खेळ सुचतो, पण बटणं, खिडक्या, आवाज कमीजास्त करायची पट्टी ह्या गोष्टी करायचा कंटाळा येतो. ते सगळं तयार करून त्यांच्या हातात फुकट द्यायचं, अशी तयार तुकड्यांची लायब्ररी हा लिहीत होता. रोज ऑफिसला निघण्याआधी दोन तास, करी रोडच्या घरात, ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्याने.

"पण वापरतं कोण?" मी एकदा वैतागून विचारलं.

"येतील रे. घाई कसली?"

आला तो एकच. फिनलंडचा कुणी हौशी, मासे पकडायचा गेम करत होता. तुमची पट्टी फार छान सरकते, असं त्याने ह्याला लिहिलं. ह्या माणसाने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. कशाचे, विचारलं तर म्हणाला, "घरचं कार्य समज." घरी रोज त्याचाच विषय. शेवटी वहिनींनी त्याला नात्यातच घेतलं. मी गेलो की म्हणायच्या, "बसा भाऊजी, हे येतायत. फिनलंडच्या भाऊजींचं काहीतरी अडलंय."

मग तो शिमगा आला. घरचे सगळे गावी, हा एकटाच मुंबईत. चार दिवस रिकामे मिळाले तर माणूस झोपेल की नाही? ह्याने लायब्ररीतली सगळी नावं बदलली, ज्या नावांनी गेम ही बटणं-पट्ट्या बोलावतो ती. सुरुवातीला घाईत ठेवलेली नावं त्याला म्हणे वर्षानुवर्षं टोचत होती. आता सगळी कशी एका वळणाची झाली, नीटनेटकी. तशीच चढवली इंटरनेटवर, आणि फिनलंडवाल्याचा गेम उघडेनासा झाला. जुन्या नावांनी हाका मारत होता बिचारा, ओ देणारं कुणी नव्हतं.

"अरे गाढवा," मी ओरडलो, "एकच गिऱ्हाईक आणि त्याच्याच तोंडावर दार लावलंस?"

"चुकलंच," तो म्हणाला. दोनच दिवसांत त्याने जुनी नावंही परत चालू केली आणि तसं कळवलं. उत्तर आलं, अगदी सभ्य. तुमचं काम चांगलं आहे, पण तोवर मी दुसरी लायब्ररी घेतली.

इथे तुम्ही-आम्ही सोडून दिलं असतं. हा काय करायचा? प्रत्येक बदलानंतर फिनलंडवाल्याचा तो मासे पकडायचा जुना गेम चालवून बघायचा. तो उघडला, की काम बरोबर. तीन वर्षं.

"तो गेलाय रे."

"परत आला तर अडायला नको."

कधीकधी मला म्हणायचा, "तू तरी एखादा छोटासा गेम कर ना माझी लायब्ररी घेऊन." मी म्हणायचो, बघतो. एक रविवार लागला असता हो! नाही केला. ह्याची मला लाज वाटते, आणि ते आता कुठे फेडणार?

मार्गशीर्षात सकाळी दाढी करता करता तो कोसळला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "सगळ्यांना कळवलं भाऊजी. फिनलंडच्या भाऊजींना कोण कळवणार?"

त्याच्या लॅपटॉपमधून पत्ता शोधून मी चार ओळी लिहिल्या. दुसरी पंगत बसली होती तेव्हा फोनवर उत्तर आलं. "ऐकून फार वाईट वाटलं. त्यांच्या घरच्यांना माझ्या संवेदना कळवा. पण माफ करा, हे गृहस्थ कोण ते मला आठवत नाही. मी गेम करणं केव्हाच सोडलं."

वहिनी वाढपाचं भांडं हातात घेऊन समोर उभ्या. "काय म्हणतात?"

मी पहिली दोन वाक्यं मराठीत सांगितली आणि फोन खिशात टाकला.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पंगतीकडे वळून सासूबाईंना म्हणाल्या, "ऐकलंत? एवढ्या लांबून लगेच उत्तर. आणि मी ह्यांना बोलायचे, कुणासाठी डोळे फोडताय म्हणून. माणूस जोडला होता हो ह्यांनी."