शबानाचा तोटा, प्रसादचा नफा

मंगळवारी आमच्या सिडकोतल्या ऑफिसात मी शबानाला सगळ्यांसमोर नको ते बोललो... अजून मनातून जात नाही.

मी शेअर ट्रेडिंगचं छोटं ऑफिस चालवतो. भांडवल माझं आणि मेहुण्याचं, ट्रेड करायला पगारी माणसं. या महिन्यात दोघांची ट्रायल संपत होती आणि कायम एकालाच करायचं होतं.

प्रसाद कन्नड गावचा, इंजिनिअर. शबाना शहागंजची, वडिलांचं कापडाचं दुकान. दोघांना स्ट्रॅटेजी एकच दिलेली... माझीच. ती चांगली असली की खुर्चीत कोण बसलंय याला फारसा अर्थ नाही, असं मी छातीठोक सांगायचो.

दुपारी दीडला बाजार अचानक कोसळायला लागला. कसलीशी बातमी फिरत होती, खरी की खोटी कुणालाच ठाऊक नाही. खोलीत फक्त माऊसचे आवाज.

दोघांनी एकाच कंपनीचे शेअर घेतलेले. नियम साधा... भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की विकून मोकळं व्हायचं. त्यालाच स्टॉपलॉस म्हणतात. तो आकडा जवळ येत चालला तसा माझाच धीर सुटला. शबानाच्या मागं उभा राहून म्हटलं, विकू नको, येईल वर.

तिनं मान वळवली नाही. "सर, ह्या भावाला निघायचं सकाळीच ठरवलंय. आता भीती वाटली म्हणून बदललं, तर ठरवायचंच कशाला?"

आणि भाव त्या आकड्याखाली जाताच विकलं. माझ्यादेखत, माझं न ऐकता.

प्रसाद शांत बसून राहिला. तीन वाजेपर्यंत भाव खरंच वर आला. तो नफ्यात, ती तोट्यात... आणि मी मोकाट सुटलो. घाबरट, घायकुती, हे काम तुझ्यानं व्हायचं नाही, सगळं बोलून घेतलं. तिच्यासमोरच प्रसादला सांगितलं की उद्यापासून तू कायम. बाजार बंद होताच ती निघाली.

पाचेक मिनिटांनी प्रसाद केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं. चेहरा पांढराफटक पडलेला.

"सर, मी ठरवून थांबलो नव्हतो. विकायचं होतं, पण हातच चालेना. आणि स्टॉपलॉस... तो मी सकाळी लावलाच नव्हता."

मागच्या आठवड्यात दोनदा स्टॉपलॉसमुळं बाहेर पडावं लागलं, दोन्ही वेळा भाव नंतर वर गेला, म्हणून यावेळी लावलाच नाही, असं तो म्हणाला. भाव फिरला नसता तर तोटा कुठंच थांबला नसता, माझं आणि मेहुण्याचं भांडवल त्यात गेलं असतं.

तो गेल्यावर मी शबानाची वही उघडली. प्रत्येक ट्रेडचं कारण लिहायचं असा नियम मीच केलेला, वाचलं मात्र कधीच नव्हतं. शेवटची ओळ होती, "सर थांब म्हणाले. मला थांबायचं कारण सापडलं नाही."

कारण माझ्याकडं तरी कुठं होतं...

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही, धाकधूक होती. आली. बाजार उघडायच्या आधी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि नोकरी तिला दिली. ती एवढंच म्हणाली, "सर, भाव वर गेला तेव्हा मलाबी वाटलं, चुकलंच आपलं. रात्रभर तेच चालू होतं डोक्यात."

प्रसादनं स्वतःहून आणखी तीन महिने ट्रायल मागून घेतली.

शबानाचं कौतुक आता सगळेच करतात, पण मला आभार प्रसादचे मानायचे आहेत. मिळालेली नोकरी जाणार हे माहीत असून तो खरं बोलला. नसता बोलला, तर मी आजही त्याच्या नशिबाला हुशारी समजून शाबासकी देत बसलो असतो... आणि माणसं पारखणाऱ्या स्वतःच्या नजरेलाही.