फुग्यांवरचे कच्चे टाके

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या शेजारी, कपडे दुरुस्तीची एक खोली आहे. तिथे बसते ती रफूताई. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवते, की मालकालाच ते शोधावं लागतं. पण ते जाऊ द्या. तिचं खरं वेड म्हणजे ग्राफिक नॉव्हेल. हो, तीच ती चित्रांची जाडजूड पुस्तकं, जी बघून लोक म्हणतात, पोरांची दिसतात. तिच्यासमोर असं म्हणून बघा एकदा. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवेल आणि मग तुमची हजेरी घेईल.

मतं एकदम रोखठोक. चित्रकाराला हात काढता येतात का, हे ती आधी बघणार. "ज्याला हात जमत नाहीत, त्याची सगळी माणसं खिशात हात घालून फिरतात." मग कपडे. एका चौकटीत कोटाला चार बटणं आणि पुढच्या चौकटीत तीन दिसली, की त्या चित्रकाराचा उद्धार झालाच म्हणून समजा. दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी म्हणजे तिच्या भाषेत शिवण. एका चौकटीत बाई दाराशी उभी, पुढच्या चौकटीत दार बंद. ती आत आली की निघून गेली, हे त्या शिवणीत. "तिथेच तर गोष्ट असते. लिहून सांगितलं की मजा गेली," असं ती म्हणायची. पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात, ते बोलण्याचे फुगे तर तिला डोळ्यांसमोर नकोत. चित्राच्या डोक्यावर येऊन बसतात मेले.

आणि नवरा मिळाला तो नेमका फुग्यांचा भक्त. त्यांनी जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. संध्याकाळी ती मशीनवर, हे शेजारी स्टुलावर, आणि पुस्तक कापायच्या टेबलावर उघडं. हे फुगे मोठ्याने वाचायचे. प्रत्येक माणसाला वेगळा आवाज, कुत्र्यालासुद्धा. शेवटचा फुगा संपायच्या आत पान उलटायला बोट तयार. मग ती मशीन थांबवून पानावर तळहात ठेवायची.

"अहो, थांबा. माझं बघून व्हायचंय."

"अगं, काय बघायचंय? गाडी सुटली की."

एखादं बिनशब्दांचं पान आलं तर त्यांचं डोकंच फिरायचं. "इथे काहीच लिहिलेलं नाही. लेखक जेवायला गेला वाटतं." मग स्वतःच्या मनाचं काहीतरी ठोकून द्यायचे आणि ती हसून बेजार व्हायची. वाचायचे हे, बघायची ती, असा त्यांचा संसार चालला होता. चांगला चालला होता.

एका सकाळी दाढी करताना त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण बोलायला जावं तर घशातून नुसती घरघर. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खं स्थानक हलायचं, तो मुका होऊन बसला. रफूताई त्यांना रोज संध्याकाळी दुकानात आणायची, स्टुलाच्या जागी खुर्ची टाकायची, पुस्तक समोर उघडायची. ते मान फिरवून रस्त्याकडे बघत राहायचे. हात बरा होईल न होईल, तेवढी तिने मनाची तयारी केली होती. पण शेजारी बसून वाचणारा आपला माणूस कायमचा गेला की काय, या विचाराने तिची मशीनवरची सरळ शिवणही वाकडी जायची.

उच्चार शिकवायला येणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या, "शब्दांचा ताण नको सध्या. चित्रं दाखवा." रफूताईने हे जरा जास्तच मनावर घेतलं. काकांचं लाडकं पुस्तक होतं एक, हरवलेल्या कुत्र्याला शोधणाऱ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. तिने ते फळीवरून खाली काढलं, अस्तराच्या कापडाचे छोटे तुकडे कापले आणि एकेका फुग्यावर कच्च्या टाक्यांनी लावले. कच्चा टाका नंतर उसवता येतो, तेव्हा काही बिघडत नाही, असा तिचा हिशेब. शब्द दिसलेच नाहीत तर यांना बोचणार तरी कसे? पण सुई पानातून आरपार जात होती. मागच्या चित्रातल्या म्हातारीच्या गालाला भोक पडलं, तेव्हा तिला कसंतरीच झालं. एरवी कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी भांडायला उठणारी बाई ही. "माझ्या माणसासाठी आहे गं," असं ती त्या म्हातारीला म्हणाली आणि पुढचा तुकडा लावला.

संध्याकाळी तिने मोठ्या आशेने पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. डाव्या हाताने ते टाक्याला नख लावू लागले. जमेना. जमेना तसे जास्तच चिडले. पुस्तक खराब केलं म्हणून रागावले, असं तिला वाटलं.

"राहू द्या, मी उसवते," ती म्हणाली. तिने कात्री उचलली.

तिने एक टाका कापला. त्यांनी तो तुकडा ओढून काढला, खालच्या फुग्यावर बोट आपटलं आणि तेच बोट तिच्या ओठांना लावलं. पुन्हा फुगा, पुन्हा ओठ.

"मी? मला कुठे येतं तुमच्यासारखं?"

बोट हटेना. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शब्द त्यांना बोचतच नव्हते. शब्द समोर होते आणि ते म्हणणारं कुणी नव्हतं, ते बोचत होतं. आणि हिने काय केलं, तर उरलेले शब्दही शिवून टाकले.

ती एकेक फुगा उसवत गेली आणि वाचत गेली. पहारेकऱ्याला तिने आपल्या सासऱ्यांचा आवाज दिला. कुत्रा तर इतका वाईट भुंकला की चावीवाला दारात डोकावून गेला. काका वाकड्या ओठांनी, खांदे हलवत हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग काय, ती सुटलीच. फुगा संपायच्या आत पान उलटायला लागली.

वाचता वाचता ते पान आलं. पहारेकरी फाटकाशी बसलाय, हातात रिकामा पट्टा. शब्द एकही नाही. वाचायला काही नाही म्हणून तिने पान उलटायला धरलंही.

काकांनी पानावर डावा तळहात ठेवला.

ती थांबली. ते पहारेकऱ्याच्या हातांकडे बघत होते, एकटक, तिच्यासारखे.

"बघा," ती हळूच म्हणाली. "सावकाश बघा. मला घाई नाही."