दोराऐवजी दुर्बीण

१. रविवारी दोरावरून उतरायचा कडा आज सकाळी तपासला.
२. मधल्या कपारीत गिधाडाचं घरटं आहे, आत पिल्लू आहे.
३. दोराचा कार्यक्रम मी रद्द केला.

इंजिनिअरची नोकरी सोडल्यापासून माझं घर याच मोहिमांवर चालतं. त्यामुळे संध्याकाळी स्वारगेटजवळ जमलेल्या गटाला हे सांगणं सोपं नव्हतं.

"म्हणजे आता गिधाडांची परवानगी काढायची?" एका काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

बिबवेवाडीच्या काकू हसल्या. "अहो, बाळंतिणीच्या खोलीत कुणी खिडकीतून उतरतं का? लांबून दाखव गं, आम्ही येतो."

 मग काका म्हणाले, "माझ्याकडे दुर्बीण आहे."

रविवारी समोरच्या डोंगरावरून पिल्लू पाहायचं आहे. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.